पेटीतला वारा

होडी बांधायची सुताराने, हाकायची तांडेलाने, पण तिला पाण्यावर ठेवायची दाजी कुबलाने, असे वाडीत म्हणत. दाजी होड्यांच्या फटी बुजवत असे. दोन फळ्यांच्या सांध्यात तेलात भिजवलेल्या कापसाची वात छिन्नीने ठोकायची, वरून तापलेली राळ ओतायची आणि थंड झाल्यावर बोट फिरवून बघायचे. सांगायला एवढेच काम. पण फट बुजवणे म्हणजे कापूस कोंबणे नव्हे. कोंबलेला कापूस पहिल्या मोठ्या लाटेला बाहेर येतो. ठोका कमी पडला तर पाणी शिरते, जास्त पडला तर फळी चिरते. दाजीचा हात लागलेल्या होडीत पाणी उपसायचे भांडे कोरडे राहत असे.

असल्या माणसाला भोक बघवत नाही. कुणाच्या घरी पाहुणा गेला तरी दाराच्या चौकटीतली चीर अंगठ्याने चाचपी. बायको जानकी म्हणे, "मेल्यावर चितेच्या लाकडांतलीव फट बुजवतले हे."

घर खाडीच्या तोंडावर, वाडीच्या अगदी टोकाला. घरासमोर एक बांबू रोवलेला आणि त्यावर दिवा. संध्याकाळी होड्या परतताना तो दिवा नाकासमोर धरायचा, म्हणजे पाण्याखालचा खडक डाव्या हाताला राहतो आणि होडी सरळ खाडीत शिरते. आधी तिथे कंदील असे. दाजीच्या बापाने लावला, मग दाजीने. आता दाजीचा मुलगा दत्ताराम वाडीतले दोन गडी घेऊन समुद्रावर जाऊ लागला होता. एकुलता एक मुलगा. तो बाहेर असला की दिवा लागेपर्यंत दाजी जेवत नसे आणि दिवा लागल्यावरही तो जेवता जेवता उठून दारात जाऊन येई.

एकोणीसशे पासष्टच्या सुमारास विजेचे खांब वाडीपर्यंत आले. पाच-सहा घरांनी वीज घेतली, त्यांत दाजीचे घर. वायरमनने ओसरीच्या भिंतीवर लाकडी बोर्ड ठोकला. वर एक बटण, खाली शेजारी शेजारी दोन प्लगच्या जागा. मध्ये दोन बोटांचे अंतर. त्यातल्या एका जागेवरून वायर खिडकीतून बाहेर गेली, बांबूवर चढली आणि कंदिलाच्या जागी बल्ब आला. बल्बचा उजेड कंदिलापेक्षा कितीतरी लांब जाई. दत्ताराम म्हणाला, "बाबा, आता आमका डोळे मिटून येवक जमात." दाजीला हे बोलणे आवडले नाही. समुद्रावरून डोळे मिटून येण्याची भाषा करू नये.

पुढे दत्तारामने ट्रान्झिस्टर आणला. पणजी केंद्रावरून हवामान सांगत, ते ऐकून होडी काढायची की नाही ते ठरवता येई. पण खाऱ्या हवेत सेल टिकत नसत. हिरवे पडत, पाझरत. मालवणच्या बाजारात महादू पेडणेकराचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. तो म्हणाला, "सेल कित्याक व्हये? विजेवर चलात अशी पेटी करून दितंय." आणि त्याने करून दिली. सागवानी पेटी, विटेपेक्षा मोठी, विटेइतकीच जड. प्लगच्या पिना तिच्या पाठीलाच बसवलेल्या, कारण लोंबती वायर उंदीर कुरतडतात असे महादूचे म्हणणे. पेटी सरळ बोर्डावर चिकटून बसायची आणि तिच्या पोटातून एक बारीक तार रेडिओकडे जायची.

पेटी बसली आणि पंचाईत झाली. डाव्या जागेत लावली तर उजवी झाकली जाई. उजवीत लावली तर डावी झाकली जाई. उलटी करून लावली तर बटण झाके. दोन जागा असून एकच उरली. आणि संध्याकाळचे हवामान नेमके दिवेलागणीला सांगत. दिवा लावायचा तर रेडिओ मुका, रेडिओ लावायचा तर बांबू आंधळा.

"एक डोळो फोडून एक कान आणल्यात घरात," जानकी म्हणाली.

दाजी पेटी घेऊन पुन्हा महादूकडे गेला.

"ही इतकी मोठी कित्याक?"

महादूने हातातले काम खाली ठेवले नाही. "दाजीनू, तारेतली वीज दांडगी. तुमच्या रेडिओक तिचो घोट झेपाचो नाय. तिका बारीक करूची तर लोखंडाच्या पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळूची लागता. लोखंड कमी घातला तर ता तापता. म्हणान इतक्या लोखंड."

"लोखंड अर्ध्या पेटीत मावला. रवलेल्या अर्ध्यात काय?"

"वारो."

"काय?"

"वारो. तेका खेळाक जागा व्हयी. बाजूक भोकां पाडलंय ती तेच्यासाठीच."

दाजी हसला. "मेल्या, हवा इकतंस तू? आमच्याकडे समुद्रभर आसा."

महादूही हसला आणि तिथेच बोलणे संपले. दाजीला वाटले, पेटी करणाऱ्या सुताराचे माप चुकले आणि महादू ते वाऱ्यावर ढकलतो आहे. अर्धी पेटी रिकामी ठेवणारा सुतार आळशी, हे दाजीला कुणी शिकवायला नको होते. आणि भोके? खाऱ्या वाऱ्याने लोखंड कसे खाल्ले जाते हे वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. नांगर गंजतात, बिजागऱ्या गळून पडतात. एवढे मोलाचे लोखंड आणि तांबे भोके पाडलेल्या पेटीत ठेवणे म्हणजे फुटकी होडी पाण्यात ढकलणे.

त्याने ते काम अंगणात बसून केले, घाई न करता. स्क्रू काढले. आतल्या लोखंडाला हात न लावता त्याच्या अंगाबरोबर फळ्या तासल्या. इतक्या जवळ, की मध्ये नख शिरू नये. सांधे जुळवले. सांध्यांत कापसाची बारीक वात ठोकली. भोकांत लाकडाच्या खुंट्या मारल्या, त्यांच्या कडेने राळ भरली. मग सबंध पेटीला माशाच्या तेलाचा हात दिला, जसा होडीला देतात. पेटी निम्मी झाली. डाव्या जागेत लावली आणि उजवीत दिव्याचा प्लग सहज बसला. मध्ये बोट जाईल एवढी जागा उरली.

त्या संध्याकाळी बांबूवर दिवा लागला आणि ओसरीवर रेडिओ बोलू लागला. बघायला माणसे आली. शेजारची गोदूबाई मासे विकून परतत होती, ती टोपली डोक्यावर घेऊनच उभी राहिली. "दाजी, विजेकव बुजवलंस काय रे? आता ती पाझराची नाय मां?"

"पाझारली तर तुझ्या टोपलेत धर," दाजी म्हणाला. बऱ्याच दिवसांनी तो त्या दिवशी पोटभर जेवला.

चार दिवसांनी जानकी म्हणाली, "ओसरेर वास येता."

"कसलो?"

"तापलेल्या राळेचो."

राळेचा वास दाजीला आयुष्यभराचा. अंगाला, कपड्यांना, केसांना. दुसऱ्या कुणाच्या घरात तो वास आला असता तर घरधन्याने उठून बघितले असते. दाजी उठला नाही. "राळ बसता आसा," तो म्हणाला. "बसली काय वास जायत." होडीवर तसेच होते. जानकीने पेटीला हात लावून बघितला आणि चटकन मागे घेतला. "ऊन आसा ही."

"आत काम चललाहा. काम करणारो घामता," दाजी म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाला.

दसरा होऊन गेला होता. त्या दिवशी दत्ताराम पहाटेच गेला. आकाश स्वच्छ, पाणी तेलासारखे. दुपारी दाजीने रेडिओ लावला तेव्हा पणजीहून सांगत होते की वारा वाढणार आहे, मच्छीमारांनी दूर जाऊ नये. होडी तर कधीच दूर गेली होती.

दाजीने रेडिओ बंद केला नाही. एरवी हवामान संपले की तो रेडिओचा कान पिरगळून आवाज बंद करी आणि पेटी काढून ठेवी. आज तो खुर्ची ओढून तिथेच बसला. गाणी लागली, भाषणे लागली, कुणीतरी शेतीवर बोलले. दाजी सगळे ऐकत राहिला, न जाणो मध्येच काही सांगितले तर. जानकीने चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली.

"बंद करा मां तो. कान किटले," ती म्हणाली.

"सांगतीत काय तरी."

"तो दत्तारामाचो पत्तो सांगूचो नाय."

दाजीने खुर्ची रेडिओच्या आणखी जवळ ओढली. दुपार कलली तसा माडांच्या झावळ्यांचा आवाज बदलला. आधी सळसळ होती, आता फटके पडल्यासारखे वाटू लागले. पाण्याचा रंग गेला. दाजी उठून दारापर्यंत जाई, समुद्राकडे बघी आणि परत येऊन बसे. राळेचा वास घरभर झाला होता. त्याच्या ध्यानातही आले नाही.

ऊन उतरता उतरता त्याने दिव्याचा प्लग लावला, जरा लवकरच. बांबूवर बल्ब पेटला. बाहेर अजून उजेड होता, पण दाजीला धीर आला. तो पायरीवर जाऊन उभा राहिला आणि मागे ओसरीवर काहीतरी तडकले.

रेडिओ बोलता बोलता थांबला. दाजी वळला तेव्हा पेटीच्या खालच्या सांध्यातून काळी राळ भिंतीवर ओघळत होती आणि तिच्यातून धूर निघत होता. त्याने जानकीच्या हातातले फडके ओढून घेतले, त्यात पेटी धरून बोर्डावरून उपटली आणि अंगणात फेकली. वाळूत पडूनही ती चुरचुरत राहिली.

मग त्याने बांबूकडे बघितले. बल्ब विझला होता.

त्याने प्लग काढला, पुन्हा लावला. दुसऱ्या जागेत लावला. बटण खालीवर केले. काही नाही. घराचा फ्यूज गेला होता आणि वायरमन मालवणात. जुना कंदील वीज आल्यापासून अडगळीत गंजून गेला होता. बाहेर आता खरेच अंधारून येत होते.

"चूड पेटवूया," जानकी म्हणाली. झावळ्यांच्या पात्यांचा जुडगा बांधून पेटवला की मशालीसारखा जळतो. तिने चुलीमागचे जुडगे काढलेसुद्धा. दाजीने एक पेटवून बांबूखाली धरला. वाऱ्याने ज्योत आडवी झाली, पण विझली नाही.

आणि तेव्हा त्याला दिसले. किनाऱ्याने खाली, खडकाच्या पलीकडच्या अंगाला, अप्पा शिरसाटाच्या दुकानाच्या दारात मोठा बल्ब लखलखत होता. त्याच्या अलीकडे गोदूबाईच्या पडवीत एक. आणखी तीन-चार. आपला दिवा होता तोवर तो सगळ्यांत टोकाला, सगळ्यांत उंच. समुद्रावरून बघणाऱ्याला चुकण्याचे कारण नव्हते. आता टोकाला मिणमिणती चूड आणि तिच्या शेजारी अप्पाचा बल्ब. दत्ताराम बल्बच नाकासमोर धरणार. बल्ब धरला की होडी सरळ खडकावर.

पूर्वी वाडीत कुणी सांजवेळी समुद्राच्या अंगाला दिवा ठेवत नसे. म्हाताऱ्यांचा तो दंडकच होता. वीज आली आणि ती गोष्ट सगळेच विसरले. दाजीही विसरला, कारण त्याचा दिवा मोठा होता.

"ही धर. खाली सोडू नको," त्याने चूड जानकीच्या हातात दिली आणि तो धावत सुटला. साठीचा माणूस, गुडघे गेलेले, पाय वाळूत रुततात. वाळूत धावणे म्हणजे एक पाऊल पुढे आणि अर्धे मागे.

गोदूबाई पडवीत मासे चिरत होती.

"गोदू, दिवो इझव."

"कित्याक रे?"

"इझव म्हणतंय मां! माझो दिवो गेलो. दत्ताराम बाहेर आसा."

"तुझो दिवो गेलो म्हणान माझो? बरो न्याय," असे म्हणता म्हणता तिने समुद्राकडे बघितले. ती कोयता टाकून उठली, तसाच खवल्यांचा हात बटणावर मारला. "जा तू अप्पाकडे. हे मधले मी बघतंय." आणि पदर खोचून ती घराघरांतून ओरडत निघाली, "दिवे इझवा गो! दर्याकडचे दिवे इझवा! दाजीचो झील बाहेर आसा!"

अप्पाच्या दुकानात गिऱ्हाईक होते. अप्पा तागडी धरून उभा.

"अप्पा, बल्ब बंद कर."

"बंद? अरे, आता तर लावला. गिऱ्हाईकाला काय अंधारात साखर देऊ?"

"मीठ दी, पण बंद कर."

"झालं काय ते सांगशील की नाही?"

दाजीला दम लागला होता. सांगायचे म्हणजे पेटीचे सांगावे लागणार, आणि त्याला वेळ नव्हता. त्याने दुकानात शिरून बटण शोधले, सापडेना. मग बाहेर येऊन फळीवर चढला आणि खांद्यावरच्या पंच्याने बल्ब धरून पिरगळून काढला. बल्ब गरम होता. हात भाजला. अप्पा बोंबलला, "माथं फिरलं की काय रे तुझं!"

"फिरला. दत्ताराम येवंदे, मग सगळा सांगतंय."

ते नाव ऐकल्यावर अप्पाने तागडी खाली ठेवली. दोघे किनाऱ्यावर आले. वाडीतला एकेक दिवा गेला. गोदूबाईचा आवाज लांब लांब जात होता. शेवटी टोकाला जानकीची चूड तेवढी उरली, आडवी, लालसर, मधूनच बारीक होणारी. ती बारीक झाली की जानकी दुसरी पेटवी, पहिली टाकी. बायका जुडगे घेऊन तिच्याकडे निघाल्या होत्या.

दाजी परत टोकाकडे चालत राहिला. धावायची ताकद नव्हती. पाण्यावर काहीच दिसत नव्हते. वाऱ्यात वल्ह्यांचा आवाज ऐकू येणे शक्य नाही हे त्याला कळत होते, तरी तो थांबून थांबून ऐकत होता. टोकाला जानकीपाशी पोचल्यावर एकदा त्याला लाकूड दगडावर आपटल्याचा आवाज आला. त्याने जानकीचा दंड धरला. "आयकलंस?"

"लाट ती."

"लाट नाय."

"लाटच ती," जानकी म्हणाली, आणि तिने चूड आणखी उंच धरली. ठिणग्या तिच्या केसांवर पडत होत्या. मागोमाग येऊन पोचलेली गोदूबाई त्या ओल्या हाताने विझवत होती.

मग खाडीच्या तोंडाशी पांढरा फेस फाटला आणि त्यातून होडीची नाळ, तिचे पुढचे टोक, वर आली. तिघेही तिच्यावर होते. गडी वल्हवत होते, दत्ताराम सुकाणूला. होडी खडकाच्या इतक्या जवळून गेली की एका गड्याने वल्हे दगडाला टेकवून तिला ढकलली. मग खाडीचे संथ पाणी लागले.

दत्ताराम उतरला तो अंगभर भिजलेला. "वाडीतली लायट गेली काय?" त्याने विचारले.

जानकी पदराने त्याचे डोके पुसू लागली.

"एक मोठो दिवो दिसलो, तो आपलोच समाजलंय. तेका धरून इलंव. अर्ध्या वाटेर तो इझलो. मग बाकीचे इझले. आमका वाटला, आपलेच डोळे गेले. वल्ही थांबवली. मगे ही चूड दिसली, भलतीकडेच." त्याने खडकाकडे बघितले. "वल्ही थांबवली नसती तर..." आणि तो होडी वर ओढायला वळला.

"तुझ्या बापाशीन वाडी इझवली," गोदूबाई म्हणाली. "अप्पाचो बल्ब चोरलो. वर हात भाजून घेतलो." हसला तो फक्त मागोमाग आलेला अप्पा. दाजी होडीच्या फळ्यांवरून बोट फिरवून एकेक सांधा चाचपत होता.

दुसऱ्या दिवशी तो जळकी पेटी घेऊन मालवणला गेला. महादूने ती उघडली. राळ तांब्याच्या तारांत उतरून कोळसा झाली होती. खुंट्या मारलेली भोके महादूने बोटाने चाचपली आणि डोक्याला हात लावला.

"दाजीनू, हिची होडी केल्यात तुमी! होडयेक पाणी बाहेर ठेवचा आसता. हिका ऊब बाहेर जावंदेवची आसता. भोकां बुजवल्यात, ती जायत खंय?"

"माका वाटला, तू हवा इकतंस."

"इकतंयच. तीच तर वस्तू."

दाजीने दुकानातला खडू उचलून महादूपुढे ठेवला. मग म्हणाला, "लोखंड तू भर. पेटी मी करतंय. वारो खंय खंय व्हयो ता माका खडून दाखव."

महादूने खडूने खुणा केल्या. नवी पेटी पहिलीपेक्षा मोठी झाली. तिच्या पिना पाठीला नव्हत्या. हातभर वायर काढून प्लग तिच्या टोकाला लावला आणि पेटी बोर्डापासून लांब, भिंतीच्या खुंटीवर टांगली. वायरला दाजीने बांबूची नळी घातली, उंदरांसाठी. बोर्डावर दोन्ही जागा मोकळ्या राहिल्या. एवढी साधी गोष्ट. ती आधी सुचली नाही, कारण आधी सगळे पेटीला लहान करायच्या मागे होते.

भोके पाडताना मात्र त्याला त्रास झाला. सांधे नीट जुळलेली, घट्ट, साफ पेटी, आणि तिला आपल्याच हाताने छिद्र पाडायचे. पहिल्या भोकाला त्याने सामता, म्हणजे भोके पाडायचे हत्यार, टेकवला आणि काढला, टेकवला आणि काढला. जानकी ओसरीवरून बघत होती. "पाडा आता," ती म्हणाली, "नायतर मी पाडतंय." त्याने पाडले. मग दुसरे. पण ती भोकेही त्याने वेडीवाकडी पाडली नाहीत, कडा घासून गुळगुळीत केल्या.

त्यानंतर वाडीत पुन्हा तो दंडक आला. होडी बाहेर असली की समुद्राच्या अंगाचे दिवे बंद. अप्पाने आपला बल्ब दुकानाच्या आत नेला, कुरकुरत. आणि दाजीला एक नवी सवय लागली. होडी सुटायच्या आधी, सूर्य वर आलेला असताना, तो बांबूवरचा दिवा पेटवून बघी. मग रेडिओ लावून पेटीच्या भोकांपाशी तळहात धरून उभा राही, ती किती ऊन होते ते बघत. गडी होडीत चढता चढता चिडवत, "दाजीनू, सूर्याक दिवो दाखवतास?"

"दाखवतंय," दाजी म्हणे. "तुमी गप जावा. आणि येताना ह्योच बघा, दुसरो नाय."

होडी ठिपका होईपर्यंत तो दिवा चालूच ठेवी.